लस घेतल्याची नोंद सापडत नसेल, तर भरपाईचा दावा टिकतो का?

प्रश्न : मुलीकडे न्यू जर्सीला असताना मी तिथल्या औषधांच्या दुकानात फ्लूची लस घेतली. त्याच रात्री डावा खांदा दुखू लागला आणि आज आठ महिन्यांनंतरही हात डोक्यापर्यंत जात नाही. अमेरिकेत अशा इजेची भरपाई मिळते असे कळले. पण माझी पावती हरवली आहे आणि दुकानात नोंद सापडत नाही म्हणतात. काय करावे?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : पावती हरवली म्हणून दावा बुडत नाही. अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्याने सुरू झालेल्या भरपाई योजनेत फ्लूची लस येते, आणि लस तिथे घेतलेली असल्यास अर्जदार तिथला नागरिक असण्याची अट नाही. लस घेतली हे मात्र तुम्हालाच सिद्ध करावे लागेल. ‘घेतली नसेल यापेक्षा घेतली असेल हेच अधिक संभवते’ एवढे दाखवणे पुरेसे असते. परंतु वैद्यकीय कागद किंवा वैद्यकीय मत यांचा आधार नसताना केवळ अर्जदाराच्या शब्दावर निवाडा देण्यास कायद्यानेच मनाई केली आहे.

म्हणून सर्वांत मोलाचा कागद कदाचित नागपुरातच असेल. परतल्यावर ज्या अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवले, त्यांच्या पहिल्या केस पेपरवर ‘फ्लूचे इंजेक्शन घेतल्या रात्रीपासून डावा खांदा दुखतो’ अशी ओळ असेल, तर भरपाईचा विचारही मनात नसताना सांगितलेल्या त्या हकिकतीला आज केलेल्या प्रतिज्ञापत्रापेक्षा अधिक वजन आहे. शिवाय खांद्याची इजा लस घेतल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झाली, ही योजनेत पाहिली जाणारी गोष्टही तीच ओळ दाखवते. तशी ओळ नसेल, तर जुन्या कागदावर ती नव्याने लिहून घेण्याच्या मोहात कृपया पडू नका. खरा दावाही त्याने संशयास्पद होतो.

दुकानाचा नकारही अंतिम मानू नये. लसीची तारीख, उत्पादक, लॉट क्रमांक आणि टोचणाऱ्याचे नाव नोंदवणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडची नावे तिथल्या संगणकात अनेकदा उलटसुलट चढतात, आणि तिथे जन्मतारखेत महिना आधी लिहितात. तेव्हा मुलीने दोन्ही प्रकारे शोध घ्यायला लावावा, तुम्ही सही केलेला संमतीचा अर्ज लेखी मागावा आणि राज्याच्या लसीकरण नोंदणीतही चौकशी करावी. तिच्या कार्डावरून पैसे दिले असल्यास बँकेचे विवरण, त्या दिवशीचे व्हॉट्सॲप संदेश आणि तिचे प्रतिज्ञापत्र सोबत जोडावे.

पहिले लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज दाखल व्हायला हवा. दावा सद्हेतूने आणि वाजवी आधारावर केलेला असेल, तर तो फेटाळला गेला तरी वकिलाची फी योजनेतून मिळू शकते. त्यामुळे खर्चाच्या धास्तीने तिथला वकील गाठणे लांबवू नका.