बांध मोकळा ठेवू नको, भावा

दोन एकरांत झाडं लावली तर पीक मार खाईल, ही तुझी भीती अगदीच खोटी नाही. बांधावर निलगिरी लावलीस तर शेजारच्या पिकाच्या ओळींची ओल ती ओढणारच. दाट सावलीत सोयाबीनही खुरटतं. म्हणून झाड पारखून लाव.

सुरुवात गिरिपुष्पानं, म्हणजे ग्लिरिसिडियानं कर. पावसाळ्याच्या तोंडाला अंगठ्याएवढ्या जाड फांद्या बांधात रोवायच्या. हे झाड शेंगवर्गीय, हवेतला नत्र धरतं. कोवळा पाला छाटून तुरीच्या ओळीत पसरला की लवकर कुजतो. आपल्या काळ्या रानाला भेगा पडतात, तिथं हे आच्छादन ओल टिकवतं. पावसानं ओढ दिली की फरक कळतो.

कोपऱ्यात कडुलिंब हवाच. निंबोळ्या वेचून वाळव, मग कुटून भुकटी कर. 5 किलो भुकटी पाण्यात रात्रभर भिजवून गाळ आणि पाणी घालून 100 लिटर द्रावण कर. हरभऱ्यातली घाटेअळी लहान असतानाच फवार, मोठी झाल्यावर फारसा उपयोग नाही. झाडावर बसणारे कोतवाल पक्षी अळ्या टिपतात, ते वेगळंच.

घराजवळ शेवगा, हादगा लाव. दुष्काळात भाजी विकत घेणं झेपत नाही, तेव्हा शेवग्याचा पाला ताटात येतो. शेळ्यांपासून रोपं मात्र तुलाच राखावी लागतील, काट्या आत्ताच तोडून ठेव.