गॉटलिबच्या १९६५ च्या ‘बकारू’ पिनबॉलची मोटर थांबत नाही, खेळ सुरू होत नाही. काय तपासू?

दिवे लागतात, स्टार्ट दाबल्यावर मोटर फिरते आणि फिरतच राहते, असं तुम्ही लिहिलंय. घाबरू नका. या मशीनमध्ये सर्किट बोर्ड नाही, सगळं काम रिले (विजेवर चालणारे स्विच), साधे स्विच आणि मोटरचं. प्रत्येक गुणरिळाला, म्हणजे गुण दाखवणाऱ्या आकड्यांच्या चाकाला, एक शून्याचा स्विच असतो. रीळ ० वर आलं की तो उघडतो. सगळे उघडल्याशिवाय मोटर थांबत नाही.

वरच्या खोक्याचं मागचं दार उघडा, स्टार्ट दाबा आणि रिळं बघा. एका ठोक्याला रीळ एक आकडा पुढे सरकतं, त्यामुळे एका रिळाला जास्तीत जास्त ९ ठोके पुरतात, म्हणजे हे काही सेकंदांचं काम. त्याहून जास्त वेळ चालू ठेवू नका, अडकलेल्या रिळाची कॉइल (रीळ ढकलणारं तारेचं वेटोळं) तापून जळते. पुढची सगळी कामं प्लग काढूनच करा.

एखादं रीळ मधल्याच आकड्यावर अडकलं असेल तर त्याचा प्लंजर (कॉइलमध्ये आत-बाहेर सरकणारा दांडा) बोटाने दाबून सोडा. तो टपकन परत यायला हवा. रेंगाळला तर जुनं ग्रीस गोंदासारखं घट्ट झालंय, आणि बहुतेक वेळा हेच निघतं. रीळ सोडवून प्लंजर आणि खिट्टीचा सांधा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कॉइलमधली नळी झिजली असेल तर नवी घाला. प्लंजरला तेल अजिबात नको, त्यावर धूळ बसून काही काळाने पुन्हा तेच होईल. प्लंजर मोकळा असूनही ठोका पडत नसेल तर कॉइलची केसासारखी तार जोडापाशी तुटलीय का बघा, तिथे पुन्हा डाग (सोल्डर) देता येतो. तार धड असेल तर मोटरवरचे ठोके देणारे स्विच साफ करा.

सगळी रिळं ० वर असूनही मोटर चालूच असेल, तर एखादा शून्याचा स्विच उघडत नाहीये. उघडल्यावर स्विचच्या पात्यांमध्ये साधारण दीड मिलिमीटर फट हवी. पाती टोकाला नाही, बुडाशी वाकवा. पात्यांवरचे, एकमेकांना टेकणारे चांदीचे ठिपके अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या जाड कागदाने पुसा. सँडपेपर लावलात तर चांदी जाईल.

फ्यूज उडत असेल तर जास्त अँपिअरचा घालू नका. आणि वरच्या खोक्याच्या चित्राच्या काचेला मागून ओलं फडकं लावू नका, रंग त्याच बाजूला असतो आणि पापुद्रे सुटतात. खोकं उघडलेलंच आहे तर काउबॉयला लाथ मारणाऱ्या घोड्याची यंत्रणाही पुसून घ्या. लाथ मंद बसत असेल तर तिथेही तेच ग्रीस आहे.