तिकिटाच्या मुलाखती, प्रायमरी आणि सभासदांचं पावतीपुस्तक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिंधुदुर्गात तुमच्या मतदारसंघात पक्षाने विधानसभेसाठी इच्छुकांच्या मुलाखती घेतल्या, सर्व्हे केला, आणि एबी फॉर्म मात्र मुलाखतीला फिरकलाही नव्हता त्याला दिला. ही फसवणूक नाही का? अमेरिकेसारखी प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायला आधीच घेतलेलं मतदान, असती तर न्याय झाला असता का?

फसवणूक म्हणा हवं तर, पण बेकायदा काही झालेलं नाही. १९६८ च्या निवडणूक चिन्ह आदेशाप्रमाणे पक्षाचा उमेदवार तोच, ज्याच्या नावाचा बी फॉर्म अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचतो. ए फॉर्मवर पक्ष कळवतो की उमेदवारीवर सही करण्याचा अधिकार कुणाला आहे, सोबत त्याच्या सहीचा नमुना. बी फॉर्मवर तो माणूस उमेदवाराचं आणि पर्यायी उमेदवाराचं नाव लिहितो. सही शाईची लागते, रबरी शिक्का चालत नाही. उमेदवार पक्षाचा सभासद असावा एवढी अट आहे, पण किती दिवसांपासून, हे विचारलेलं नाही. म्हणून सकाळी गळ्यात उपरणं पडलेला माणूस दुपारी अधिकृत उमेदवार होतो. मुलाखत आणि सर्व्हे हे शब्द त्या आदेशात कुठेही नाहीत. दोन्ही गोष्टी म्हणजे सल्ला, आणि सल्ला मानायचा की नाही हे सही करणाऱ्याच्या हातात.

निवडणूक आयोग पक्षांना सांगतो की तुमच्या घटनेप्रमाणे पदाधिकाऱ्यांच्या निवडणुका वेळेवर घ्या. तिकीटवाटप त्यात येत नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केलं की नोंदणी फसवणुकीने मिळवल्यासारखे मोजके अपवाद सोडले तर आयोगाला पक्षाची नोंदणी रद्द करता येत नाही. म्हणजे दाद मागायला दार नाही.

आता प्रायमरी. माझं मत असं की प्रायमरीचा न्याय-अन्याय मतदानाच्या दिवशी ठरत नाही, त्याच्या सहा महिने आधी सभासदांच्या यादीत ठरतो. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत मतदार कुठल्या पक्षाचा, हे सरकारी मतदार नोंदणीतच लिहिलेलं असतं. काही राज्यांत तर अशी नोंदच नसते, कुणीही कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देतो. प्रायमरी बहुतेक ठिकाणी सरकारी यंत्रणाच घेते. आपल्याकडे यादी पक्षाची, पुस्तक पक्षाचं आणि मोजणारेही पक्षाचेच.

तालुक्यातलं पावतीपुस्तक एकदा उघडून बघा. खरी नोंदणी झाली असेल तर अक्षर बदलतं, शाई बदलते, तारखा विखुरलेल्या असतात, मधेच एखादी पावती रद्द असते. गठ्ठ्याने केलेली नोंदणी लगेच ओळखू येते. सलग पन्नास पावत्या एकाच हाताच्या, एकाच तारखेच्या, आणि नावांचा क्रम मतदार यादीतल्या घरक्रमांकांप्रमाणे. मतदार यादी समोर ठेवून उतरवून काढलेली असते, वर्गणी एकानेच भरलेली असते. त्यातले दोन-चार तर केव्हाच वारलेले निघतात. अशा पुस्तकावर प्रायमरी घेतली तर ज्याच्या खिशातून वर्गणी गेली तोच निवडून येणार. मिस्ड कॉलवरच्या सभासदत्वात तर अक्षरही तपासायला मिळत नाही.

कोकणात याला आणखी एक पदर आहे, चाकरमानी. माणूस गावच्या देवळाच्या कमिटीत, नाव मात्र भांडुपच्या मतदार यादीत. पक्षाचं सभासदत्व गावातून घेतलं तर तो तुमचा उमेदवार ठरवणार, पण खऱ्या निवडणुकीत त्याचं मत इथे नाहीच. म्हणून मतदानाची तारीख ठरवणं म्हणजे निम्मा निकाल ठरवणं. गणपतीत किंवा शिमग्याला ठेवली तर मुंबईकर भारी पडतात. आंब्याच्या दिवसांत ठेवली तर बागायतदार कलमं सोडून येणार नाही. जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणजे होड्या किनाऱ्याला आणि मच्छीमार घरी, पण तेव्हाच वरच्या वाड्यांत लावणी चाललेली असते. अमेरिकेत काही ठिकाणी प्रायमरीऐवजी कॉकस, म्हणजे सभेत जमून उमेदवार निवडण्याची पद्धत असते, तिच्यावर हाच आक्षेप आहे. संध्याकाळी ठरल्या वेळी जातीने हजर राहावं लागतं, मग रात्रपाळीवाला आणि घरी तान्हं मूल असलेली बाई आपोआप वगळली जाते.

मोजणीची पद्धतही साधी बाब नाही. २०१६ ला साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना साधारण साडेबत्तीस टक्के मतं पडली आणि प्रतिनिधी, म्हणजे पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात उमेदवार ठरवायला मत देणारे, मिळाले पन्नासपैकी पन्नास. डेमोक्रॅटिक पक्ष मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी देतो, पण पंधरा टक्क्यांखाली राहिलात तर हाती काही नाही. त्याच पक्षात आजी-माजी नेत्यांना अधिवेशनात आपोआप मताधिकार होता. २०१६ च्या वादानंतर, २०१८ ला नियम बदलून चुरशीच्या लढतीत पहिल्या फेरीत त्यांचं मत बंद केलं. आणि २०२४ ला प्रायमऱ्या उरकल्यावर बायडन यांनी माघार घेतली, तेव्हा कमला हॅरिस यांची उमेदवारी प्रतिनिधींनीच ठरवली. तिथेही शेवटची किल्ली पक्षाकडेच असते, फक्त ती वापरायची वेळ क्वचित येते.

आपल्याकडे प्रयोगच झाला नाही असं नाही. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसने देशातल्या काही मतदारसंघांत प्रायमरी घेतली. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूरला झाली, कोकणात एकही नाही. मतदार होते पक्षाचे पदाधिकारी आणि निवडून आलेले प्रतिनिधी, साधा सभासद नव्हे. वर्ध्यात विद्यमान खासदारांचे चिरंजीवच जिंकले, यात नवल ते काय? पदाधिकारी ज्यांनी नेमले, त्यांच्याच घरात तिकीट जाणार. दोन्ही जागा पुढे पक्षाने गमावल्या. त्याचा दोष मात्र मी प्रायमरीला देणार नाही, त्या वर्षी लाटच तशी होती.

तुमच्या तालुक्यात पुढेमागे असं मतदान ठरलंच तर भाषणं राहू द्या, चार गोष्टी लेखी मागा. सभासद यादी कोणत्या तारखेला गोठवणार? ती तारीख मतदान जाहीर होण्याच्या आधीची हवी. यादीची प्रत सगळ्या इच्छुकांना मिळणार का, आणि हरकतीला किती दिवस? मतपत्रिका मोजताना प्रत्येकाचा प्रतिनिधी टेबलाशी बसणार का? आणि पाच जण उभे असताना तीस टक्क्यांवर कुणी पहिला आला तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान आहे का? ही शेवटची अट नसेल तर मोठ्या वाडीचा माणूस दरवेळी निघतो. बाकीच्या चार वाड्या त्याच्या विरोधात असल्या तरी मतं आपापसांत फुटतात.

आणि तुम्ही स्वतःच इच्छुक असाल, तर बी फॉर्मच्या भरवशावर एकच अर्ज भरू नका. एका उमेदवाराला चार अर्जांपर्यंत मुभा आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. एक सूचक घेऊन भरलात आणि तीनपर्यंत बी फॉर्म आला नाही, तर छाननीत अर्ज बाद. दहा सूचकांचा दुसरा अर्ज आधीच तयार ठेवा. सूचक त्याच मतदारसंघातला मतदार लागतो, म्हणून प्रत्येकाचा भाग आणि अनुक्रमांक ताज्या यादीत स्वतः पडताळा. मुंबईहून मुद्दाम सही करायला आलेल्या भावाचं नाव भांडुपला असेल, तर दहाचे नऊ होतात आणि तोही अर्ज जातो.