गोदाम नव्हे, कोठी

एका वाचकांचा प्रश्न आहे: संग्रहालयात ज्या वस्तू मांडलेल्या नसतात, त्या ठेवतात त्या जागेला मराठीत काय म्हणावं? बातम्यांतलं 'गोदाम' त्यांना खटकतं. 'राखीव संग्रह' चालेल का?

खटकणं रास्त आहे. गोदामात माल असतो आणि तो आज ना उद्या विकून हलायचा असतो. वखार म्हटलं की लाकूड-कोळसा डोळ्यांपुढे येतो. 'राखीव संग्रह' चांगला शब्द आहे, पण तो वस्तूंचा झाला, जागेचा नाही. 'राखीव संग्रहाला कुलूप लावलं' असं आपण म्हणणार नाही.

जुन्या मराठीत अशा जागांची नावं भरपूर आहेत. मराठेशाहीतल्या अठरा कारखान्यांत, म्हणजे सरकारी खात्यांत, शस्त्रांचा शिलेखाना होता, तंबू-सतरंज्यांचा फरासखाना होता, रोकड, जवाहीर आणि उंची वस्त्रांचा जामदारखाना होता. पुण्यात फरासखाना आता पोलीस ठाण्याच्या नावात उरलाय. जामदारखाना हा शब्द मला फार आवडतो, पण त्याला दौलतीचा वास आहे. पुण्याच्याच राजा दिनकर केळकर संग्रहालयात २०,००० हून अधिक वस्तू आहेत आणि त्यांतल्या साधारण २,५०० मांडलेल्या असतात. या संग्रहाची खरी शान अडकित्ते, दिवे, वज्र्या अशा घरगुती वस्तूंत आहे. त्यांना जामदारखाना शोभत नाही.

माझं मत 'कोठी'ला. मूळ संस्कृत 'कोष्ठ'. पन्हाळ्याच्या अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशा धान्याच्या कोठ्याच आहेत. आणि जुन्या घरांतली कोठीची खोली आठवून पाहा. माझ्या आजीच्या कमरेला तिची किल्ली असे. आत काय, किती आणि कुठे, हे तिला अंधारातही सांगता यायचं. वर्षातून एकदा ती पैठणी काढी, भोवतीची मलमल सोडवी आणि घडी मोडून दुसऱ्या जागी घाली, एकाच रेषेवर जरीची तार तुटू नये म्हणून. अडगळीची खोली निराळीच होती, तिथे कोणी मोजदाद ठेवत नसे. संग्रहालयातही जुनं वस्त्र उजेडाने विटतं म्हणून बराच काळ आत ठेवतात आणि घडीच पडू नये म्हणून नळीवर गुंडाळतात. प्रत्येक वस्तूला दाखल क्रमांक असतो. काळजी तीच, म्हणून शब्दही तोच असावा असं मला मनापासून वाटतं.

हिंदीत कोठी म्हणजे बंगला, तेव्हा नुसत्या 'कोठी'ने कोणाचा गोंधळ होऊ शकतो. पाटीवर आणि छापील मजकुरात 'संग्रहकोठी' लिहावं. 'धान्यकोठी' आपण म्हणतोच, त्यामुळे समास परका वाटणार नाही. बोलताना मात्र कोठी पुरे. समोरच्या भागाला 'मांडणी' म्हटलं की जोडी जमते: हा अडकित्ता मांडणीत आहे, त्याचा जोडीदार कोठीत.