सँटोरिनी सोडून ग्रीसमधलं कोणतं बेट इतिहास आणि वास्तुकलेसाठी पाहावं?

डोळे झाकून खिओसला जा. निळ्या घुमटांचे फोटो काढायचे असतील तर मात्र निराशा होईल. इथली जुनी गावं दगडी आहेत आणि बाहेरून चक्क आडमुठी दिसतात.

तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळच्या या बेटाच्या दक्षिण भागात मॅस्टिकची झाडं आहेत. उन्हाळ्यात सालीला बारीक चिरा देतात, बुंध्याशी पांढरी माती पसरतात आणि तिच्यावर ठिबकलेला चीक सुकला की वेचतात. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात रुमी मस्तकी मिळते ना, तीच ही. 1346 मध्ये इटलीतल्या जेनोवाच्या लोकांनी बेट घेतलं आणि हा व्यापार 1566 पर्यंत मुठीत ठेवला. माल आणि तो काढणारी माणसं, दोन्ही चाच्यांपासून राखायची होती. गावं तशीच बांधली गेली.

मेस्तामध्ये हे लगेच लक्षात येतं. गावाला वेगळा तट नाहीच, कडेच्या घरांच्या मागच्या भिंती एकमेकींना भिडवल्या की झाला तट. गल्ल्या अरुंद, वर कमानी. गच्च्या जवळपास एका उंचीच्या, म्हणजे हल्ला झालाच तर वरच्या वर मधल्या बुरुजाकडे पळता यावं. त्या बुरुजाच्या जागी 19व्या शतकात चर्च बांधलं.

शेजारच्या पिर्गीत भिंतींवरचं काम बघा. गडद वाळू-चुन्याचा गिलावा, त्यावर पांढऱ्या चुन्याचा हात, आणि तो ओला असतानाच जेवणाच्या काट्याने खरवडायचं. खालचा गडद थर उघडा पडतो आणि त्रिकोण-चौकटींचे पट्टे उमटतात. बाल्कनीची खालची बाजूसुद्धा सोडलेली नाही! मला तर मेस्तापेक्षा हेच जास्त आवडलं.

तुर्कांच्या ऑटोमन सत्तेविरुद्ध 1822 मध्ये झालेल्या उठावानंतर ऑटोमन सैन्याने बेटावर भयंकर कत्तल केली. मॅस्टिकची गावं बऱ्याच अंशी वाचली, कारण सुलतानाच्या महालाला मॅस्टिक हवं होतं. नेआ मोनी हा 11व्या शतकातला मठ मात्र या हल्ल्यातून सुटला नाही. तिथली सोनेरी मोझाइक अप्रतिम आहेत, पण कत्तलीत मारल्या गेलेल्यांच्या कवट्याही तिथे मांडून ठेवल्या आहेत. मुलं बरोबर असतील तर आधी कल्पना द्या.

दक्षिणेकडे बस मोजक्याच, त्यामुळे गाडी भाड्याने घ्या. मुक्काम शहरात नको, मेस्तात करा. तिथे जुन्या घरांत राहता येतं.