ती सही करू नकोस, आणि नोकरी सोडायची घाईही करू नकोस

अरे बाळा,

तुझा मेसेज सकाळी वाचला. फोनवर बोलता आलं असतं, पण हे मला नीट सांगायचंय म्हणून टाइप करतेय, लांब होणार आहे, निवांत वेळ काढून वाच. तू दोन गोष्टी विचारल्यास. एक म्हणजे टीम लीड म्हणतोय की त्या 41 टेस्टच्या रिव्ह्यू शीटवर आजच सही करून टाक, राहिलेल्या टेस्ट पुढच्या आठवड्यात चालवू आणि रिझल्ट मागाहून जोडू, तर करू का. आणि दुसरं म्हणजे इंजिन कंट्रोलच्या टीममध्ये आलो तेव्हा वाटलं होतं की विमान बनवणार, आणि दीड वर्ष झालं एक्सेलमध्ये रिक्वायरमेंटचे, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायचं त्या अटींचे, नंबर कोडच्या नंबरांना जोडत बसलोय, तर सोडून दुसरीकडे जाऊ का.

पहिल्याचं उत्तर नाही. सही करू नकोस. दुसऱ्याचंही माझ्या मते नाहीच, पण ते तुझं आयुष्य आहे, तू ठरव, फक्त त्याआधी हे ऐकून घे.

एअरबसचं ते ए-400एम लष्करी विमान माहितीय ना तुला, चार मोठ्ठे पंखे, प्रत्येकाला आठ पाती, 37 टनांपर्यंत माल नेणारं, कच्च्या धावपट्टीवर उतरणारं. त्याची गोष्ट मी गेली कित्येक वर्षं जमेल तिथून वाचत आलेय, कारण त्यात आपल्याच कामाची गोष्ट आहे. युरोपात असं विमान हवं हा विचार 1982 पासून चालू होता, मग कंपन्या आल्या, गेल्या, अमेरिकेची लॉकहीड आधी बरोबर होती ती 1989 मध्ये बाहेर पडली, आणि असं करत करत शेवटी मे 2003 मध्ये सात देशांनी मिळून 180 विमानांचा करार केला. जर्मनी 60, फ्रान्स 50, स्पेन 27, ब्रिटन 25, तुर्की 10, बेल्जियम 7 आणि लक्झेंबर्गचं 1. किंमत ठरली साधारण 20 अब्ज युरो, आणि ती फिक्स्ड, म्हणजे पुढे काहीही झालं तरी वाढवून मिळणार नाही अशी. आणि ज्या इंजिनावर हे सगळं उडणार होतं ते टीपी-400 तेव्हा फक्त कागदावर होतं. जवळपास 11,000 हॉर्सपॉवरचं टर्बोप्रॉप, म्हणजे पंखा फिरवणारं जेट इंजिन, पश्चिमेकडे तोवर कोणी केलेलंच नव्हतं. प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचीही बोली होती, पण सरकारांना युरोपचंच इंजिन हवं होतं, म्हणून चार कंपन्यांचा मिळून एक नवीन गट झाला आणि काम त्याला मिळालं. नवं विमान, नवं इंजिन, नवा गट आणि किंमत मात्र आधीच बांधलेली. इतक्या वर्षांनीसुद्धा हे वाचलं की पोटात गोळा येतो माझ्या.

जून 2008 मध्ये सेव्हिलला पहिलं विमान थाटात बाहेर काढलं, स्पेनचे राजे हजर होते. पण ते उडालं 11 डिसेंबर 2009 ला. दीड वर्ष विमान तयार उभं, आणि उडत नाही. यात बाकीही कारणं होती, वजन वाढलं होतं वगैरे, पण सगळ्यात मोठी अडचण होती फॅडेकची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरची. आता हे वाक्य दोनदा वाच. ते सॉफ्टवेअर चालत नव्हतं असं नाही. इंजिन त्यावर फिरत होतं. पण या विमानाला नागरी विमानांचं सर्टिफिकेट घ्यायचं ठरलं होतं, आणि त्यासाठी प्रत्येक ओळ कुठल्या रिक्वायरमेंटसाठी लिहिली, कोणी तपासली, कुठल्या टेस्टने सिद्ध झाली, याची साखळी दाखवावी लागते. ती साखळी पुरेशी नव्हती. ती मागून बसून परत बांधावी लागली. तू जे एक्सेलमध्ये करतोयस ना, तेच काम. ते वेळच्या वेळी झालं नाही म्हणून सातही देशांना थांबावं लागलं, फ्रान्स-जर्मनीची जुनी ट्रान्साल विमानं आणखी काही वर्षं ओढत न्यावी लागली.

जानेवारी 2009 मध्ये कंपनीने जाहीर केलं की जवळजवळ तीन वर्षं उशीर होणार. तीन वर्षं एका दिवसात होत नाहीत रे. मी त्या प्रोजेक्टवर नव्हते, पण अशा मीटिंगांमध्ये आयुष्य गेलंय माझं, मला माहितीय तिथे काय बोललं जातं. पुढच्या आठवड्यात देतो. झालंच आहे जवळपास. 90 टक्के पूर्ण. आणि ज्याला खरं माहिती असतं तो टेबलाच्या शेवटी बसलेला सगळ्यात ज्युनियर पोरगा असतो, त्याला कोणी विचारत नाही आणि तो सांगत नाही. मग बिल येतं. नोव्हेंबर 2010 मध्ये देशांना 3.5 अब्ज युरोची सोय करावी लागली, त्यातले 2 अब्ज सरळ किंमतवाढ, ऑर्डर 180 वरून 170 वर आली, दक्षिण आफ्रिकेने तर आपली 8 विमानं त्याआधीच रद्द करून टाकली होती.

पण पैशासाठी मी तुला एवढं लिहीत बसले नसते.

9 मे 2015, सेव्हिल. तुर्कीसाठी बनलेलं नवंकोरं विमान, त्याचं पहिलंच उड्डाण, आत सहा माणसं, सगळे कंपनीचेच टेस्ट क्रू. उडाल्यानंतर चारपैकी तीन इंजिनांची पॉवर आहे तिथे अडकली, पायलटने पॉवरचे लिव्हर हलवून काही फरक पडेना. म्हणून त्यांनी पॉवर कमी करायला लिव्हर पार मागे घेतले, तर ती कमी झाली आणि मग तिथेच राहिली, परत वाढेना. एका इंजिनावर एवढं मोठं विमान कसं राहणार वर. विमानतळाजवळच शेतात पडलं, चार जण गेले, दोघं जबर जखमी होऊन वाचले.

कारण काय होतं सांगते, तू इंजिनवाला आहेस म्हणून जरा खोलात सांगते. टर्बोप्रॉपची पॉवर मोजायची तर शाफ्टला किती पीळ पडतोय ते मोजतात, टॉर्क. पण कुठलेही दोन शाफ्ट, दोन सेन्सर तंतोतंत सारखे नसतात, म्हणून प्रत्येक इंजिनाचे स्वतःचे कॅलिब्रेशनचे आकडे असतात आणि ते त्याच्या कंट्रोल युनिटमध्ये भरावे लागतात. वाण्याच्या काट्याचं पासंग आधी पाहावं लागतं तसंच. ते पाहिलंच नाही तर काटा दाखवतोय त्याला काही अर्थ नाही. त्या विमानात सॉफ्टवेअर टाकताना तीन इंजिनांचे हे आकडे पुसले गेले होते. कंट्रोल युनिटला समोर येणारं माप समजेना, आणि न समजल्यावर त्याने जे करायचं म्हणून डिझाइनमध्ये लिहिलं होतं ते त्याने केलं. एका इंजिनापुरतं ते ठीकही असेल, तीन इंजिनं उरतात. तिघांच्या बाबतीत एकाच वेळी हेच होईल असं कोणाच्या मनात आलं नसावं. नंतर रॉयटर्सने बातमी दिली होती की डेटा नाही याची पहिली वॉर्निंग पायलटला विमान 400 फुटांवर गेल्यावरच मिळेल अशी रचना होती. म्हणजे जमिनीवर असताना, जेव्हा थांबता आलं असतं, तेव्हा कोणाला कळायची सोयच नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता माझं सांगते, हे मी फार लोकांना सांगितलेलं नाही. नोकरीत पाच-सहा वर्षं झाली होती, बंगळूरला होते, कंपनीचं नाव नको. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या कंट्रोलरचं काम होतं. शुक्रवारची संध्याकाळ, रिग, म्हणजे टेस्ट चालवायचा सेटअप, दुसऱ्या टीमकडे, आणि एका टेस्टचा प्रिंटआउट माझ्याकडे होता पण तो आधीच्या बिल्डचा, म्हणजे सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीचा. बदल दुसरीकडेच झालाय, इथे काय फरक पडणार, म्हणून मी सही केली. साधारण महिन्याने रिगवर व्हॉल्व्ह उशिरा उघडायला लागला. कोणाला इजा झाली नाही. पण आम्ही अकरा दिवस शोधत होतो, वायरिंग उकललं, सेन्सर बदलले, एक जण तर कोल्हापूरहून बहिणीचं लग्न अर्धवट टाकून आला होता. आणि त्या अकरा दिवसांत माझ्या भागाकडे कोणीही बघितलं नाही, कारण त्यावर माझी सही होती. टेस्टेड. चूक तिथेच होती. बाराव्या दिवशी मीच जाऊन सांगितलं.

तेव्हा मला सही म्हणजे काय ते कळलं. आपल्याला वाटतं सही म्हणजे आपली जबाबदारी, पकडले गेलो तर आपण भोगू. तसं नसतं ते. सही म्हणजे आपल्यामागून येणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगणं की इथे बघू नकोस, इथे मी बघितलंय. तो माणूस तुझ्या शब्दावर विश्वास ठेवून दुसरीकडे बघायला जातो. तू न चालवलेल्या टेस्टवर सही केलीस तर तू नुसतं खोटं बोलत नाहीस, तू शोधणाऱ्यांचे डोळे त्या जागेवरून काढून घेतोस.

लीडवर चिडू नकोस. त्याला वरून तारीख आलीय, त्याच्या वरच्याला कस्टमरकडून आलीय, आणि बहुतेक कोणीतरी कुठेतरी किंमत आधीच बांधून दिलेली आहे. तो वाईट माणूस असेल असं मला तुझ्या मेसेजवरून तरी वाटलं नाही, घाबरलेला वाटला. म्हणून त्याला नैतिकतेवर लेक्चर देऊ नकोस, आकडे दे. मेल लिही, छोटी. 41 पैकी 17 टेस्ट अमुक बिल्डवर चालल्या आणि पास झाल्या, त्यांची शीट मी आज सही करून देतो. 24 बाकी आहेत, यादी सोबत जोडली आहे. रिगचे सहा दिवस मिळाले तर गुरुवारपर्यंत होतील, दोन शिफ्ट दिल्या तर सोमवारपर्यंत. बस. तक्रार नाही, कोणाचं नाव नाही, तू म्हणाला होतास वगैरे काही नाही. अशा मेलचा फायदा असा की तीच मेल लीड वर फॉरवर्ड करू शकतो, तू त्यालाही हात दिल्यासारखं होतं. आणि तरीही तो म्हणाला की नाही, सहीच कर, तर क्वालिटीकडे जा. विमानांच्या सॉफ्टवेअरचे नियम सांगणाऱ्या डीओ-178 मध्ये वरच्या लेव्हलला तपासणारा माणूस लिहिणाऱ्यापेक्षा वेगळा असायला हवा असं सांगितलंय ते याचसाठी, ती जागा तुझीच आहे, तिथे बसून नाही म्हणणं हेच तुझं काम आहे.

उशिरा सांगू नकोस एवढंच. आज सांगितलंस तर 24 टेस्ट आणि सहा दिवसांची गोष्ट आहे. सहा महिन्यांनी तीच गोष्ट एवढी मोठी झालेली असेल की सांगायची हिंमत तुझीच होणार नाही, माझी अकरा दिवस झाली नव्हती.

आता सोडण्याबद्दल. कंटाळा येतो हे मला मान्य आहे, कोणाला येत नाही. पण तू फक्त स्क्रीनसमोर बसून राहिलास तर येणारच. महिन्यातून एकदा तरी शॉप फ्लोअरवर जा, परवानगी माग, देतात. जो टेक्निशियन ते सॉफ्टवेअर युनिटमध्ये लोड करतो त्याच्या शेजारी दोन तास उभा राहा, काही बोलू नकोस, बघ. त्याच्या स्क्रीनवर काय येतं, चुकलं तर कळतं का, त्याला मध्येच फोन आला तर तो परत कुठून सुरू करतो. मग घरी जाऊन तुझी रिक्वायरमेंटची यादी परत वाच आणि शोध की आकडे भरलेच गेले नाहीत तर जमिनीवरच ओरडून सांगायचं हे त्यात कुठे लिहिलंय. नसेल लिहिलेलं तर तुझ्याकडे पुढचं सहा महिन्यांचं काम आहे आणि ते अजिबात कंटाळवाणं नाही.

आणि ए-400एम पुढे चांगलं निघालं बरं का. 2016 मध्ये प्रॉपेलरच्या गिअरबॉक्सनेही त्रास दिला होता, काही इंजिनं दर 20 तासांनी तपासावी लागत होती, त्या एका वर्षात कंपनीला 2.2 अब्ज युरोची तरतूद करावी लागली, तरी लोक लागून राहिले. ऑगस्ट 2021 मध्ये काबूल पडलं तेव्हा जर्मनीने याच विमानांच्या काबूल ते ताश्कंद फेऱ्या करून 5000 हून जास्त माणसं बाहेर काढली. ते फोटो बघ कधीतरी, बायका, पोरं, फ्लोअरवर दाटीवाटीने बसलेली. त्यांना टॉर्क कॅलिब्रेशन काय माहिती. चारही इंजिनं लिव्हरचं ऐकत होती, कारण कोणीतरी तुझ्यासारखंच बसून ते सगळं परत परत तपासलं होतं.

त्याच सेव्हिलमधून आपल्या हवाई दलाला पहिलं सी-295 मालवाहू विमान मिळालं सप्टेंबर 2023 मध्ये, 56 पैकी 16 तिथून आली आणि 40 वडोदऱ्याला बनवायची ठरली. आपल्याकडे खाजगी कंपनीत अख्खं लष्करी विमान पहिल्यांदाच बनतंय. तिथे सह्या करणारी पोरं तुझ्याच वयाची असणार. आमच्या वेळी हे शिकवायला फार कोणी नव्हतं, जो तो स्वतःच्या चुकीतून शिकला, म्हणून मला तू या कामात राहावंस असं फार मनापासून वाटतं.

आत्ताच घरावरून ओझरचं सुखोई गेलं, खिडक्या थरथरल्या. अजूनही काम टाकून बाहेर बघायला जाते मी.

मेल लिहिलीस की पाठवायच्या आधी मला वाचून दाखव. अकरापर्यंत जागी असते. आणि त्या 17 टेस्टचे रिझल्ट कुठल्या बिल्डचे आहेत ते स्वतःच्या डोळ्यांनी परत एकदा बघून घे, हेडरवर नको जाऊस, आतल्या लॉगमध्ये बघ.

तुझी,
मावशी