दुकानात आवडलेलं अत्तर घरी का आवडत नाही?

प्रश्न : मला अत्तरांची मनापासून हौस आहे. मोहम्मद अली रोडला गेले की दुकानदार एकामागून एक कुप्या उघडून हातावर लावतात. तिथे सगळंच सुंदर वाटतं. घरी आणलेली कुपी मात्र दुपारपर्यंत नकोशी होते. निवड करायची कशी?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : ताई, एका फेरीत तीनच अत्तरं लावून घ्या. नाक वासाला फार लवकर सरावतं. पुढच्या कुप्यांचा नीट अंदाजच येत नाही. कॉफीच्या बिया हुंगायला देतात, पण साधी हवा तितकंच काम करते. दोन मिनिटं दुकानाबाहेर उभ्या राहा.

एक अत्तर डाव्या मनगटावर, एक उजव्या, तिसरं कोपराच्या आतल्या बाजूला. चोळू नका. त्या दिवशी विकतही काही घेऊ नका. लिंबू-संत्र्यासारखे हलके वास लवकर उडून जातात; चंदन, वाळा, कस्तुरी हे जड वास मागे उरतात. दुकानात आपण भाळतो ते हलक्या वासांवर आणि दिवस काढतो जड वासांसोबत. संध्याकाळी घरी जो हात पुन्हापुन्हा नाकाशी न्यावासा वाटेल, तेच अत्तर पुढच्या खेपेला आणा. तेही पाव तोळाच.

माझं ऐकाल तर सुरुवात उत्तर प्रदेशातल्या कनौजच्या मिट्टी अत्तरापासून, म्हणजे मातीच्या वासाच्या अत्तरापासून करा. भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या डेगमध्ये, म्हणजे मोठ्या भांड्यात, पाण्यात उकळतात, डेगचं तोंड मातीने लिंपतात आणि वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या दुसऱ्या भांड्यात उतरवतात. भपक्यात चंदनाचं तेल असतं, ते हा वास धरून ठेवतं. पहिल्या वळिवाचा तो वास मनगटावर आला की मला दुसरं काही सुचत नाही! कनौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकन (GI) मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं.

दुकानदाराला बेस कोणता, म्हणजे अत्तर कोणत्या तेलात उतरवलंय, हे जरूर विचारा. चंदनाच्या तेलाचा भाव किलोला लाखाच्या घरात असतो, त्यामुळे शंभर रुपयांच्या कुपीत ते असणं शक्य नाही. पॅराफिन तेलातलं स्वस्त अत्तर वापरायला हरकत नाही, पण ते चंदनाच्या भावाने घेऊ नका.

उन्हाळ्यात मिट्टीसोबत वाळा आणि केवडा मागा. हिना हे अत्तर उष्ण मानतात, ते थंडीत लावून बघा.